पेटीतली दुसरी बाटली

१

चौघींच्या कपाळावरच्या आठ्या महिन्यानंतरही जशाच्या तशा राहिल्या, आणि त्यापायी माझ्या भाचीची नोकरी जायची वेळ आली.

आठ्या मला नव्या नाहीत. एकतीस वर्षं मी एका फोटो स्टुडिओत रिटचिंग केलं. उतरत्या मेजावर निगेटिव्ह ठेवायची, खालून उजेड सोडायचा, आणि टोकदार शिसपेन्सिलीनं सुरकुतीच्या रेघेत बारीक टिंबं भरायची. निगेटिव्हवर शिसं भरलं की कागदावर सुरकुती नाहीशी होते. अशा किती जणांना मी दहा-दहा वर्षांनी तरुण केलं असेल त्याची गणती नाही. बदल्यात डोळ्यांना जाड भिंगं आली आणि एक खोड जडली. समोरच्याचं बोलणं मी नंतर ऐकते, आधी कपाळ बघते.

म्हणूनच भाची ज्या त्वचेच्या दवाखान्यात नर्स आहे तिथल्या डॉक्टरांनी आठ बायका गोळा केल्या, तेव्हा चौऱ्याहत्तराव्या वर्षी मीही नाव दिलं. चौघींना कपाळात इंजेक्शन, चौघींना रोज झोपताना लावायचं क्रीम. एका महिन्यानं आणि तीन महिन्यांनी फोटो. मग डॉक्टर दोन्हींची तुलना त्वचेच्या डॉक्टरांच्या परिषदेत मांडणार. माझ्या वाट्याला क्रीम आलं.

महिना झाला. मंगळवारी डॉक्टरांनी टेबलावर सोळा फोटो मांडले आणि चौघींना समोर उभं केलं.

"आठ्या घाला बघू."

चौघींनी घातल्या, आणि भरभक्कम घातल्या. त्यातली एक तर म्हणाली, "डॉक्टर, उलट एक वाढलीय. तुमची फी बघितल्यापासून."

कोणी हसलं नाही. हे इंजेक्शन चार-पाच दिवसांत काम सुरू करतं आणि पंधरा दिवसांत कपाळ मैदान होतं. इथं मैदान कुठलं, नांगरलेलं शेत होतं तसंच होतं. कंपनीला फोन झाला. त्याच लॉटच्या बाटल्या इतर ठिकाणी व्यवस्थित लागू पडल्या होत्या. म्हणजे या बाटलीत औषध नव्हतंच. आणि बाटली उघडून औषध कालवलं होतं माझ्या भाचीनं.

डॉक्टरांनी त्याच तासाला फ्रिजला कुलूप लावून किल्ली खिशात घातली आणि भाचीला सांगितलं, "शनिवारपर्यंत मुदत देतो. औषध कोणाला विकलं ते कबूल कर. नाहीतर नोंदणी कार्यालयाला पत्र जाईल."

ते पत्र गेलं की तिचं नाव नर्सच्या यादीतून कटलं. दिवसा दुकानात उभं राहून आणि संध्याकाळी शिकून सात वर्षांत तिनं ते नाव चढवलं होतं.

संध्याकाळी ती माझ्याकडे आली. रडली नाही. पायातले बूटसुद्धा न काढता खुर्चीवर बसली.

"मी त्यांना तेव्हाच सांगितलं होतं मावशी, की बाटली बरोबर नाही म्हणून. आता म्हणतात, तू काही बोललीच नाहीस. आणि साक्षीला कोण? खोलीत आम्ही दोघंच."

मी गॅस बंद केला.

"दोघंच नव्हतात," मी म्हटलं. "पडद्यापलीकडे मी होते."

२

महिन्यापूर्वी, चौघींना इंजेक्शन दिलं त्या सोमवारी माझ्या चेहऱ्यावर क्रीमची पहिली बोटभर चाचणी होती. मी पडद्याआड पाठीवर पडले होते. पलीकडून भाचीचा आवाज आला होता, "सर, ही ओढत नाहीये. दाबावं लागतंय."

आणि डॉक्टरांचा, "दाब मग. बाहेर बायका ताटकळल्यात."

तेव्हा मला वाटलं होतं, दाराची कडी असेल.

"आता मला नीट सांग," मी म्हटलं. "काय ओढत नव्हतं?"

भाचीनं टेबलावरची मिठाची छोटी बाटली उचलली. "हे औषध द्रव नसतं मावशी. बाटलीच्या तळाला वाळलेला पापुद्रा असतो, तोही इतका पातळ की दिसत नाही. नवी कोरी बाटली रिकामीच वाटते. आतली हवाही कंपनीनं काढून घेतलेली असते. म्हणून मिठाच्या पाण्याची सिरिंज रबरी बुचातून आत खुपसली की बाटली पाणी आपणहून ओढून घेते. दट्ट्याला बोट लावायचं कामच नाही, तो आपोआप सरकतो. त्या दिवशी सरकला नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे त्या बुचातून माझ्याआधी कोणाची तरी सुई जाऊन आली होती."

मी जरा विचार केला. नवी बाटली रिकामी दिसते, रिकामी बाटलीही रिकामीच दिसते. चोराला याहून सोयीचं काय हवं? औषध कालवून काढून घ्यायचं आणि बाटली पुन्हा पेटीत. बघणाऱ्याला ती नवीच.

"बुचावर टोपण नसतं का?"

"असतं, प्लास्टिकचं. एकदा निघालं की परत बसत नाही. पण या बाटलीवर होतं. फक्त..." ती थांबली. "जरा हलक्या हातानं निघालं. मी लक्ष दिलं नाही."

"ते टोपण कुठंय?"

"बरणीत. डॉक्टरांचा नियम आहे, वर्षभराची टोपणं आणि बाटल्या मोजून द्यायच्या."

"आणि पेटीत बाटल्या किती होत्या?"

"दोन. शुक्रवारी आल्या, मीच मोजून ठेवल्या. शनिवारी पहिले फोटो झाले, रविवारी बंद, सोमवारी सकाळी मी पेटी काढली. तारखा वाचल्या. जिची मुदत आधी संपते ती मागे गेली होती. ती पुढे घेतली आणि तीच वापरली. जुनी आधी, नवी नंतर, हे आम्हाला पहिल्या वर्षापासून घोकवलेलं असतं. दुसरी अजून तशीच पेटीत आहे, कुलपात."

"शुक्रवारी तू जुनी कुठं ठेवली होतीस?"

भाचीनं मिठाची बाटली खाली ठेवली.

"पुढे," ती हळूच म्हणाली. "मी नेहमी पुढेच ठेवते."

३

बुधवारी मी दवाखान्यात जाऊन बसले. म्हाताऱ्या बाईला प्रतीक्षाकक्षात कोणी विचारत नाही की तू का बसलीस. तिला काही ना काही दुखत असणारच, असं सगळे धरून चालतात.

सगळ्यांचा संशय आधी काउंटरवालीवर गेला होता, आणि तो तिच्या कपाळामुळे. वय पंचावन्न आणि कपाळ उकडलेल्या अंड्यासारखं. रागावली तरी भुवया जागच्या हलत नाहीत, त्यामुळे ती रागावलीय हे लोकांना आवाजावरून कळतं. दवाखान्याची एक किल्ली तिच्याकडे असते, आणि फ्रिजची किल्ली तिच्यामागच्या खिळ्याला.

"मावशी, तुम्ही माझ्या कपाळाकडे बघताय," ती म्हणाली.

"सवय आहे गं."

"सगळेच बघतायत कालपासून. कपाळ माझं, हौस माझी. दुसऱ्या गावच्या डॉक्टरकडून वर्षातून तीनदा करून घेते. इथं करून घेतलं असतं तर या दवाखान्यात झाडूलासुद्धा कळलं असतं माझं वय."

"मग तसं सांगत का नाहीस?"

"कोणी विचारतंय का? कुजबुजतायत नुसते. विचारलं असतं तर पावती तोंडावर मारली असती."

मला पावतीची गरज नव्हती. पहिल्या फोटोंच्या शनिवारी तिनं माझं नाव चुकीचं लिहिलं होतं, मी टोकलं होतं, आणि तिनं कपाळ न हलवता माझ्याकडे रागानं पाहिलं होतं. तिचं कपाळ त्या शनिवारीच मुकं होतं. औषध काम करायला चार-पाच दिवस घेतं, आणि बाटल्या आदल्या दिवशीच तर आल्या होत्या. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच.

"टोपणांची बरणी जरा दाखवशील? नातवाला खेळायला एखादं देईन म्हणते."

मला नातू नाही. तिनं भुवया उंचावायचा प्रयत्न केला, जमला नाही. बरणी मात्र पुढे सरकवली.

या वर्षीची जांभळी टोपणं बरणीत सात होती. मी पिशवीतून भिंग काढलं. सहा टोपणं आतून कोरी होती. सातव्याच्या कडेला मोहरीएवढा पिवळट कण चिकटला होता. नखानं दाबला तर दबला. हुंगला.

तो वास मला पन्नास वर्षांपासून माहीत होता. तयार फोटोंना आम्ही मेण लावून चमक आणायचो. खरं मधमाशीचं मेण.

आणि या इमारतीत मेण एकाच खोलीत होतं.

४

मागच्या खोलीत डॉक्टरांची थोरली बहीण क्रीम बनवते. तिला सगळे ताई म्हणतात, तिच्याहून मोठी असलेली मीसुद्धा. बासष्टची, ताठ कण्याची, नाकावर माशी बसू न देणारी. निवृत्त व्हायच्या आधी बावीस वर्षं डोळ्यांच्या हॉस्पिटलात नर्स होती. दवाखान्याची दुसरी किल्ली तिच्याकडे. इथं गरम पाण्यात पातेलं ठेवून त्यात तेल आणि मेण वितळवते, डॉक्टरांनी मोजून दिलेलं औषध घालते, आणि थंड होईपर्यंत ढवळत बसते.

"या मावशी. लावताय ना नेमानं?"

"लावते. पहिल्या पंधरवड्यात साल निघाली बटाट्यासारखी. लाल झाले होते."

"निघणारच. वाटाण्याएवढं सांगितलं होतं, तुम्ही लिंबाएवढं लावलं असणार. आणि उन्हात टोपी?"

"घातली. शेजारीण म्हणाली, मासे पकडायला निघालात का?"

ती हसली आणि चमचा पुसून ठेवला. मी विचारलं, "खरं सांगा ताई. यातलं चांगलं कुठलं? तुमचं क्रीम की भावाची सुई?"

"दोन वेगळी कामं आहेत. चेहरा आक्रसून जी रेघ पडते ती सुई अडवते. स्नायूच झोपवते ना. पण तीन-चार महिन्यांनी तो जागा होतो, मग पुन्हा टोचा. क्रीम कातडीवर काम करतं. बारीक रेघा, डाग, खरखर. तेही सहा महिने रोज लावाल तेव्हा. खोल आठी क्रीमनं पुसायची म्हणजे पावसाची वाट बघत दगड झिजवणं."

"म्हणजे एक सुरकुती पडू देत नाही, आणि दुसरं पडलेली पुसत बसतं."

"तुमच्यासारखं," ती म्हणाली. "पेन्सिल घेऊन."

बोलणं गोड होतं. पण माझं लक्ष तिच्या फळीवर होतं. क्रीमच्या डब्या तारखेनं लावलेल्या, जुन्या पुढे, नव्या मागे. माझ्या भाचीसारख्याच.

"तुमच्या डब्या फ्रिजमध्येही असतात ना?"

"खालच्या कप्प्यात. का?"

"सहज." मी उठले. "पोरीचं वाईट झालं हो."

ताईचा चमचा पातेल्याच्या कडेला थांबला. तिच्या कपाळावर दोन उभ्या रेघा उमटल्या. त्या रागाच्या नव्हत्या, काळजीच्या होत्या. राग आणि काळजी यांच्या आठ्या वेगळ्या असतात. रागाच्या भुवयांच्या मुळाशी जन्मतात, काळजीच्या कपाळाच्या मध्यावर उगवतात.

"बाटलीच खराब निघाली असणार," ती म्हणाली. "तिनं नाही केलं ते. मी शपथेवर सांगते."

दुसऱ्यानं केलं नाही याची इतकी खात्री एकाच माणसाला असते. पण मग तिनं बोलायला हवं होतं. ताई कोणाच्या पोटावर पाय देणारी बाई नव्हती, हेही मला ठाऊक होतं. शिवाय मेण तिचं, फ्रिज तिचा, पण औषध गेलं कोणात? ताईच्या स्वतःच्या चेहऱ्यावर तर एकूण एक सुरकुती हजर होती.

५

उत्तर मला गुरुवारी फोटोंच्या खोलीत मिळालं, आणि ते मी महिनाभर डोळ्यांसमोर असून पाहिलं नव्हतं.

दवाखान्याच्या फोटोवाल्याला सगळे हलूनका म्हणतात, कारण तो दुसरं काही बोलतच नाही. मी ज्या स्टुडिओत काम केलं त्याच्या मालकांचा हा मुलगा. माझ्या मेजाखाली बसून तो पेन्सिलींचे तुकडे गोळा करायचा. आता साठीला टेकलाय.

"मावशी, तुमचा फोटो परवाच झाला की."

"बघायला आले. पहिला आणि दुसरा शेजारी शेजारी."

त्यानं संगणकावर काढून दिले. पहिल्या शनिवारचे माझे फोटो अकरा होते. तीन हललेले, दोनांत माझं अर्धं डोकं, बाकीचे जेमतेम. मंगळवारी काढलेला फक्त एक. लख्ख.

"इतरांचेही असेच?"

"हो... त्या दिवशी जरा कॅमेरा त्रास देत होता."

मी त्याच्याकडे बघितलं. पहिल्या शनिवारी तो खोलीतही काळा चष्मा घालून होता. म्हणाला होता, डोळे आलेत. आता चष्मा नव्हता. डोळे उघडे होते, स्थिर, पापण्या किंचित जड.

आणि मला त्याचे वडील आठवले.

मालकांच्या पापण्या पन्नाशीनंतर मिटू लागल्या. आधी उन्हात, मग केव्हाही. डोळे चांगले, नजर साफ, पण पापण्या आपणहून घट्ट आवळायच्या आणि उघडायच्या नाहीत. बोटांनी उघडून धरून ते फोकस करायचे. लग्नाचे फोटो हुकले. गिऱ्हाईक आधी हसलं, मग यायचं बंद झालं. स्टुडिओला कुलूप लागलं त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी एक फोटो काढला. त्यातही मालकांचे डोळे मिटलेलेच होते. मी तो घरी नेला आणि बारीक ब्रशनं त्यांना उघडे डोळे काढले. ते माझं शेवटचं काम. त्या काळी त्यावर दुसरा उपाय आमच्या कोणाच्या कानावर नव्हता.

"तुझे डोळे आता बरे आहेत?" मी विचारलं.

तो कॅमेऱ्याची काच पुसू लागला. स्वच्छ काच.

"बरे आहेत. ताईंनी... औषध दिलं."

बाहेर आल्यावर मी भाचीला एकच प्रश्न विचारला. "हे आठ्यांचं इंजेक्शन आणखी कशाकशाला देतात?"

"खूप कशाला. आखडलेल्या मानेला, हाताला. पापण्या मिटत असतील तर पापण्यांना. ते तर डोळ्यांच्या हॉस्पिटलात पूर्वीपासून देतात. का गं मावशी?"

मी डॉक्टरांच्या दारावर टकटक केली.

६

"शनिवारी त्या चौघींना पुन्हा टोचणार आहात ना?" मी म्हटलं. "दुसरी बाटली उघडाल, तेव्हा सगळ्यांना खोलीत बोलवा. एवढंच मागते."

"मावशी, हा काय खेळ आहे का?"

"तुम्ही पाच वर्षांचे असताना आमच्या स्टुडिओत लाकडी घोड्यावर बसून अर्धा तास भोकाड पसरलं होतं. मी निगेटिव्हवर तुमचे अश्रू पुसलेत. एक पाच मिनिटं द्या."

शनिवारी सकाळी खोलीत आम्ही सहा जण. डॉक्टर, ताई, काउंटरवाली, कॅमेरा घेऊन हलूनका, भाची आणि मी. टेबलावर डॉक्टरांचं पत्र पाकिटात तयार होतं. त्यावर भाचीचं नाव मला उलटं वाचता येत होतं.

डॉक्टरांनी फ्रिज उघडला, पेटीतली दुसरी बाटली काढून भाचीपुढे ठेवली. तिनं टोपण काढलं. ते कडकन निघालं. बूच पुसलं, मिठाच्या पाण्याची सिरिंज भरली.

सगळे बाटलीकडे बघत होते. मी बाटलीकडे पाठ केली आणि कपाळांकडे तोंड.

सुई बुचात गेली. मागून भाचीचा आवाज आला, "ओढतेय."

डॉक्टरांचं कपाळ सपाट राहिलं. नवी बाटली ओढणारच, त्यांना त्यात नवल नव्हतं. हलूनकाला काय चाललंय तेच कळत नव्हतं. काउंटरवालीचं सोडाच, तिच्या कपाळाला बोलायची परवानगी नव्हती. फक्त एका कपाळावर सगळ्या आडव्या रेघा एकदम वर चढल्या. ताईच्या.

"ओढतेय?" तिच्या तोंडून निघून गेलं. "कशी ओढेल? ती तर..."

ती थांबली. पण बाण सुटला होता.

"ती तर रिकामी होती," मी म्हटलं. "असंच ना ताई?"

७

मग मी बोलले, आणि डॉक्टर ऐकत राहिले. पहिल्यांदाच घड्याळाकडे न बघता.

"माझ्या भाचीनं शुक्रवारी पेटीत जुनी बाटली पुढे ठेवली. रविवारी ताईंनी एक बाटली घेतली. बावीस वर्षांची सवय, हात जुन्या बाटलीकडेच गेला. त्यातलं औषध काढून घेतलं, टोपण आपल्या मेणानं चिकटवलं, आणि रिकामी बाटली मागे सरकवली, चांगली पुढे आणली. नर्स पुढची घेईल, मागची दोन-तीन महिने लागायची नाही, तोवर आपण नवी आणून ठेवू, असा हिशेब. बरोबर?"

ताईनं मान हलवली.

"पण ही पोरही तुमच्याच शाळेतली. तिनं सोमवारी तारखा वाचल्या, मागे गेलेली जुनी बाटली पुढे आणली, आणि तीच वापरली. दोघींपैकी एक जरी निष्काळजी असती तर कोणाचं काही बिघडलं नसतं."

"मला वाटलं, माझी रिकामी अजून पेटीतच आहे," ताई म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा ताठ नव्हता. "चौघींना काही झालं नाही म्हटल्यावर शंका आली. पण वाटलं, पुढची तर चांगली होती. मग त्याच दुपारी फ्रिजला कुलूप लागलं. तारीख बघायलाही मिळाली नाही."

"पण घेतलीस कशाला?" डॉक्टर ओरडले. "क्रीम जिंकावं म्हणून?"

 ताईनं कोणाकडे बघितलं नाही, आणि ते न बघणंच सगळ्यांना दिसलं. हलूनकानं कॅमेरा गळ्यातून काढून टेबलावर ठेवला.

"माझ्यासाठी," तो म्हणाला. "पापण्यांसाठी. ताई, तुम्ही म्हणाला होतात, डॉक्टरांना विचारलंय."

"विचारलं होतं," ताई म्हणाली. "तुझं नाव न घेता. म्हणाला, पापण्यांचं काम मी करत नाही, डोळ्यांच्या हॉस्पिटलात नंबर लावा. नंबर चार महिन्यांनी होता. तोवर याला कळलं असतं आणि तुझ्या जागी भिंतीवर कॅमेरा ठोकला असता. मग तू कुठं गेला असतास? बापासारखा घरी बसला असतास."

बराच वेळ कोणी हललं नाही. हलूनका म्हणायची गरज पडली नाही.

"ठीक आहे," डॉक्टर अखेर म्हणाले. "नर्सची चूक नव्हती. पत्र मी फाडतो. घरातलं आहे, घरात राहील."

"नाही," मी म्हटलं. "अजून एक राहिलंय. बाटली ओढत नाही, हे तिनं त्याच क्षणी तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, 'दाब मग. बाहेर बायका ताटकळल्यात.' मी पडद्याआड होते. स्वतः बाटली रिकामी करणारी बाई असं तुम्हाला सांगेल का? हे एवढं तुम्हाला मंगळवारीच कळलं असतं. पण त्यासाठी आधी आठवावं लागलं असतं."

त्यांचं कपाळ मी ते पाच वर्षांचे असल्यापासून ओळखते. आधी रागाची आठी आली. मग ती हळूहळू विरली आणि खाली, तोंडाच्या कडेला एक वेगळी रेघ उमटली, जी मी कधी पुसली नव्हती.

"आठवतंय मला," ते म्हणाले. "मंगळवारीही आठवत होतं."

माझी भाची टेबलापाशी आली. तिनं पाकीट उचलून त्यांच्यासमोर ठेवलं.

"फाडू नका सर. उलट्या बाजूला लिहा."

त्यांनी लिहिलं. ते पान तुलनेच्या नोंदवहीत आजही चिकटवलेलं आहे. 'बाटली सदोष असल्याचे नर्सने त्याच वेळी लक्षात आणून दिले होते. मी दुर्लक्ष केले.' खाली सही. परिषदेतही त्यांनी ते वाचून दाखवलं, असं ऐकते. ताईनं चौघींची घरी जाऊन माफी मागितली. फीवरून बोलणारी म्हणाली, "मला तर महिनाभर आठ्या घालायला मिळाल्या, सून आली होती राहायला."

पुन्हा टोचल्यावर चौघींची कपाळं सपाट झाली आणि साडेतीन महिन्यांनी पुन्हा बोलू लागली. माझ्या डोळ्यांशेजारच्या बारीक रेघा क्रीमनं थोड्या निवल्या, खोल आठी होती तिथंच आहे. मी तिला हात लावू देणार नाही. एकतीस वर्षं पेन्सिलीच्या टोकाकडे बघून मिळवलीय ती.

हलूनकाच्या पापण्या तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस पुन्हा मिटू लागल्या. आता ते सगळ्यांना माहीत होतं. डोळ्यांच्या हॉस्पिटलातून रीतसर चिठ्ठी आली, तिथले डॉक्टर एका दुपारी आमच्या दवाखान्यात आले. खुर्चीत हलूनका, मागे त्याचं डोकं धरून ताई. आमचे डॉक्टर हात मागे बांधून एका बाजूला उभे. बाहेर बायका ताटकळल्या होत्या. मी पडद्याआड होते, माझ्या जागेवर.

"हलू नका," ताई त्याला म्हणाली.

भाचीनं सुई बुचात घातली.  कोणी घाई करेना. आता त्या दवाखान्यात तिच्या एका शब्दाशिवाय पुढचं पाऊल पडत नाही.

"ओढतेय," ती म्हणाली.